हृद्‌झडप चाचणी प्रतिकृती

हृदयात बसवावयाची कृत्रिम झडप रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी ज्या साधनांत बसवून पारखली जाते, त्या साधनांना हृद्‌झडप चाचणी प्रतिकृती म्हणतात. यांत काचेच्या वा सिलिकोन रबराच्या रक्तवाहिन्या, स्पंदनशील पंप, झडपेची उघडझाप अतिवेगाने घडविणारी यंत्रे, प्राण्यांची वा मृत माणसांची काढून घेतलेली हृदये आणि रुग्णाच्या क्ष-किरण चित्रांवरून घडविलेले महारोहिणीमूळ या सर्वांचा समावेश होतो. छाती उघडून बसवावयाच्या झडपांसाठी या प्रतिकृती १९५० नंतर विकसित झाल्या. मांडीतील रोहिणीतून नळीवाटे नेऊन बसवावयाच्या झडपा २००० नंतर प्रचारात आल्या व या शास्त्राचा रोख बदलला. तोपर्यंत केवळ झडपेची परीक्षा घेतली जात असे. आता झडप जेथे बसावयाची त्या रोगग्रस्त जागेचीही प्रतिकृती करणे भाग पडले.

झडपेचे कार्य : निरोगी माणसाचे हृदय मिनिटाला सु. ७०, दिवसाला सु. १ लाख व वर्षाला सु. ३·७ कोटी वेळा आकुंचन पावते. प्रत्येक आकुंचनात डाव्या निलयातून महारोहिणीत रक्त जाते व त्यानंतर महारोहिणीच्या मुखाशी असलेली तीन दलांची झडप मिटून रक्त मागे येऊ देत नाही [⟶ हृदय]. चांगल्या झडपेने उघडताना अडथळा करू नये, मिटताना गळू नये, रक्तातील पेशी फोडू नयेत, स्वतःवर रक्ताची गुठळी धरू नये आणि वर्षानुवर्षे झिजू नये, अशा अपेक्षा असतात. यांपैकी काही परस्परविरोधी आहेत. धातू व कार्बन यांची झडप टिकाऊ असते, पण तिच्यावर गुठळी धरते व रुग्णाला रक्त गोठू न देणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. प्राणिज ऊतकांच्या झडपेला बहुधा अशी औषधे जन्मभर लागत नाहीत, पण ती कालांतराने कडक होते वा फाटते. कोणती उणीव किती प्रमाणात आहे, हे रुग्णाच्या आधी प्रयोगशाळेला कळावे, हा चाचणी प्रतिकृतींचा हेतू होय.

प्रारंभीचे विचार : झडपेची प्रतिकृती करून तिच्यातील प्रवाह पाहण्याची कल्पना लिओनार्दो दा व्हींची (१४५२–१५१९) यांच्या टिपणांत आढळते. सु. १५१३ मध्ये बैलाच्या हृदयाचा अभ्यास करताना त्यांनी महारोहिणीमुळाचा मेणाचा ठसा घेऊन त्यावरून काचेची प्रतिकृती करण्याची रीत लिहून ठेवली. पाण्यात गवताचे बी सोडून त्याच्या हालचालींवरून प्रवाह ओळखावा, असेही त्यांनी सुचविले. झडपेच्या प्रत्येक दलामागे महारोहिणीच्या भिंतीला एक फुगवटा असतो. या फुगवट्यांना पुढे इटालियन शारीरविज्ञ व्हालसाल्व्हा (१६६६–१७२३) यांचे नाव मिळाले. रक्ताचा प्रवाह या फुगवट्यांत वळून भोवरे निर्माण करतो व ते भोवरे दलांना मिटण्यास मदत करतात, असे लिओनार्दो यांचे अनुमान होते. ही टिपणे दीर्घकाळ अप्रकाशित राहिल्यामुळे वैद्यकावर त्यांचा तत्काल परिणाम झाला नाही. अमेरिकेतील मोर्तेझा घारीब व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये अशी काचेची प्रतिकृती प्रत्यक्षात करून त्यातील भोवऱ्यांची चित्रे प्रसिद्ध केली.

प्रतिकृतीला आवश्यक असलेली दुसरी कल्पना रक्तवाहिन्यांच्या लवचिकपणाची होय. इंग्रज शास्त्रज्ञ स्टीव्हन हेल्स (१६७७–१७६१) यांनी १७३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रोहिण्यांची तुलना आगीच्या बंबातील हवेच्या कोठीशी केली. बंबाचा दट्ट्या थांबून थांबून पाणी ढकलतो. पण कोठीतील हवा दाबली जाऊन पुन्हा प्रसरण पावत असल्याने नळातून पाण्याची धार अखंड येते. तसेच हृदय थांबून थांबून रक्त ढकलत असले, तरी ताणलेल्या रोहिण्या ते पुढे वाहते ठेवतात. जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक ओटो फ्रांक (१८६५–१९४४) यांनी १८९९ मध्ये या तुलनेला गणिती रूप दिले. आजच्या प्रत्येक स्पंदन-यंत्रात हवेची एक बंद कोठी व प्रवाहाला रोध करणारी एक अरुंद वाट असते; ती याच विचाराची यांत्रिक रूपे होत. नेदर्लंड्समधील निको वेस्टरहॉफ व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये वर्णन केलेल्या कृत्रिम रोहिणीसंस्थेमुळे पंपावरील भार खऱ्या हृदयावरील भाराशी बराच जुळू लागला.

पहिल्या झडपा व पहिली यंत्रे : मॅकमिलन, डेली व मॅथ्यूज या ब्रिटिश वैद्यांनी १९५२ मध्ये मृत व्यक्तींच्या महारोहिणी व फुप्फुसरोहिणी झडपांतून स्पंदित प्रवाह सोडून त्यांच्या हालचालींचे रंगीत चलच्चित्रण केले. जिवंत माणसात न दिसणारी झडप यामुळे डोळ्यांपुढे उघडझाप करू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन येथे चार्ल्‌स हफ्नेगल यांनी पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीत गोळी असलेली झडप एका रुग्णाच्या अवरोही महारोहिणीत बसविली. हृदयाचे कार्य काही काळ यंत्रावर सोपविण्याची सोय तेव्हा उपलब्ध नव्हती, म्हणून झडप तिच्या मूळ जागी बसविता आली नाही. जॉन गिबन यांनी मे १९५३ मध्ये हृद्-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने यशस्वी शस्त्रक्रिया केली व ही अडचण दूर होण्याचा मार्ग खुला झाला. मार्च १९६० मध्ये ड्वाइट हार्केन यांनी महारोहिणी झडपेच्या जागी आणि नीना ब्राउनवाल्ड यांनी द्विदली झडपेच्या जागी कृत्रिम झडपा बसविल्या. सप्टेंबर १९६० मध्ये ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे शस्त्रक्रियातज्ञ ॲल्बर्ट स्टार व द्रवचालित यंत्रांचे अभियंते लोवेल एडवर्ड्‌स यांची पिंजऱ्यातील गोळीची झडप वापरात आली. ही झडप आधी कुत्र्यांत बसवून पाहिली होती. वैद्य आणि अभियंता यांनी एकत्र बसून झडप रचावी व पारखावी, ही पुढील काळाची रीत या जोडीने घालून दिली.

या झडपेतूनच प्रतिकृतींच्या मर्यादेचा पहिला मोठा धडा मिळाला. तिची गोळी सिलिकोन रबराची होती. पाणी वा क्षारद्राव वापरून केलेल्या यांत्रिक चाचणीत ती उत्तम टिके. पण काही रुग्णांत काही वर्षांनी गोळी फुगलेली, पिवळी पडलेली व भेगाळलेली आढळली. रक्तातील मेदद्रव्ये रबराने शोषून घेतल्याचा हा परिणाम होता. रबर पक्के करण्याच्या प्रक्रियेत सुधारणा केल्यावर हा दोष बव्हंशी दूर झाला. प्रयोगशाळेच्या द्रवात मेद नव्हता, म्हणून प्रयोगशाळेला हा दोष दिसू शकला नव्हता. प्रतिकृतीतून जे वगळले जाते त्याविषयी ती काहीही सांगू शकत नाही, हे तत्त्व या क्षेत्रात पुढेही वारंवार प्रत्ययास आले.

प्रवाहाचे मापन : ऑक्सफर्ड येथे ब्रायन बेलहाउस व त्यांचे सहकारी यांनी १९६८-६९ मध्ये पारदर्शक प्रतिकृतींत महारोहिणी झडपेचा अभ्यास केला. फुगवटे असलेली व नसलेली अशा दोन प्रकारच्या प्रतिकृतींची तुलना करून फुगवट्यांतील भोवरे झडप वेळीच मिटण्यास साहाय्य करतात, असे त्यांनी दाखविले. सुमारे साडेचार शतकांपूर्वीच्या अनुमानाला अशा रीतीने प्रयोगाचा आधार मिळाला. त्याच सुमारास टेक्सस विद्यापीठात डेव्हिड वीटिंग यांनी निरनिराळ्या कृत्रिम झडपांमधील प्रवाहाची एकाच स्पंदन-यंत्रात तुलना केली. लेसर किरणांच्या साहाय्याने प्रवाहात कोणताही शोधक न बुडविता वेग मोजणे शक्य झाल्यावर संक्षोभाचे नेमके मापन होऊ लागले. मूळचे श्रीलंकेतील अजित योगनाथन यांनी अमेरिकेतील जॉर्जिया तंत्रविद्या संस्थेत या पद्धतीने बहुतेक प्रचलित झडपांचा अभ्यास केला. १९९० नंतर द्रवात मिसळलेल्या सूक्ष्म कणांची लागोपाठ दोन छायाचित्रे घेऊन प्रवाहाच्या संपूर्ण छेदातील वेग एकदम मोजण्याची पद्धत रूढ झाली. या मापनांना वैद्यकीय अर्थ आहे. प्रवाहातील कर्तन प्रतिबल सु. १५० पास्कालच्या पुढे गेल्यास तांबड्या पेशी फुटू लागतात, असे १९७२ मधील प्रयोगांत आढळले होते. बिंबाणू तर त्याहून कमी प्रतिबलानेही उद्दीपित होऊन गुठळीस सुरुवात करतात.

स्पंदन-यंत्राची रचना : हृदयाच्या ठोक्याप्रमाणे प्रवाह निर्माण करणाऱ्या या यंत्रात संगणकाने नियंत्रित केलेला दट्ट्या एका लवचिक पिशवीला म्हणजे कृत्रिम निलयाला दाबतो. तेथून द्रव झडपेवाटे महारोहिणीच्या पारदर्शक प्रतिकृतीत, पुढे हवेच्या कोठीत, नंतर रोध करणाऱ्या वाटेतून अलिंदाचे काम करणाऱ्या टाकीत व तेथून पुन्हा निलयात जातो. झडपेच्या दोन्ही बाजूंचा दाब व प्रवाहाचे मान सतत नोंदविले जाते. मिनिटाला ७० ठोके, ५ लि. प्रवाह, महारोहिणीत सरासरी १०० मिमी. पारा इतका दाब आणि ठोक्याच्या एकूण काळापैकी सु. ३५% काळ आकुंचन ही तुलनेसाठी सर्वसाधारणतः मान्य झालेली स्थिती होय. याखेरीज मंद व जलद ठोके, उच्च व नीच दाब अशा स्थितींतही झडप तपासतात. रक्ताऐवजी क्षारद्राव अथवा पाणी व ग्लिसरीन यांचे मिश्रण वापरतात. सु. ३५ ते ४०% ग्लिसरिनामुळे मिश्रणाची श्यानता रक्ताइतकी होते. प्रकाशाच्या साहाय्याने मापन करावयाचे असल्यास द्रवाचा प्रणमनांक भिंतीच्या पदार्थाशी जुळवावा लागतो, अन्यथा वक्र भिंतीमुळे चित्र विकृत होते. यासाठी मिश्रणात सोडियम आयोडाइड मिसळतात. दाबातील फरक व प्रवाह यांवरून झडपेचे परिणामी छिद्रक्षेत्र काढतात. या गणनेचे मूळ रिचर्ड व सॅम्युएल गॉर्लिन यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या सूत्रात आहे.

टिकाऊपणाच्या चाचणीचे यंत्र निराळे असते. त्यात झडपांची उघडझाप सेकंदाला सु. १० ते ३० वेळा घडवितात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका वर्षाचे ४ कोटी ठोके धरतात. दृढ पदार्थांच्या झडपेने ४० कोटी म्हणजे १० वर्षांच्या व लवचिक दलांच्या झडपेने २० कोटी म्हणजे ५ वर्षांच्या ठोक्यांइतक्या उघडझापी सहन करावयास हव्यात, असा दंडक आहे. सेकंदाला १५ उघडझापींच्या वेगाने २० कोटींची चाचणी अखंड चालविली, तरी पाच महिन्यांहून अधिक काळ लागतो. अमेरिकेत १९७६ च्या कायद्याने कृत्रिम झडपा सर्वाधिक धोक्याच्या उपकरणांच्या वर्गात आल्या. झडपांसाठी असलेले आंतरराष्ट्रीय मानक क्र. ५८४० वेळोवेळी सुधारण्यात आले असून २०१३ मध्ये नळीवाटे बसवावयाच्या झडपांसाठी त्याचा स्वतंत्र भाग प्रसिद्ध झाला.

अपयशांचे धडे : अतिवेगाची चाचणी म्हणजे खऱ्या आयुष्याची केवळ घाईने केलेली पुनरावृत्ती नव्हे, हे ब्यर्क-शायली झडपेच्या एका प्रकारावरून स्पष्ट झाले. कलत्या बिंबाच्या या झडपेचा अंतर्वक्र-बहिर्वक्र बिंब असलेला प्रकार १९७९ मध्ये आला. सु. ८६,००० झडपा जगभर बसविण्यात आल्यावर, बिंबाला अडविणारा बारीक दांडा काही झडपांत तुटून बिंब निसटत असल्याचे आढळले. असे झाल्यास रुग्ण बहुधा तत्काल दगावतो. शेकडो रुग्ण मृत्युमुखी पडले व १९८६ मध्ये ही झडप बाजारातून काढून घेण्यात आली. मिटण्याच्या क्षणी बिंब कधीकधी अपेक्षेहून किंचित अधिक कलते व दांड्याच्या टोकावर अल्पकाळ फार मोठा भार येतो, असे पुढील संशोधनात आढळले. ज्यांच्या हृदयात या झडपा ठीक चालल्या होत्या, त्यांच्यापुढे पुन्हा धोक्याची शस्त्रक्रिया करून ती काढावी की तुटण्याचा धोका पत्करावा, असा कठीण प्रश्न उभा राहिला.

ड्युरोमेडिक्स या द्विपत्री झडपेची पत्री निसटण्याच्या घटनांमुळे ती १९८८ मध्ये मागे घेण्यात आली. झडप झटकन मिटताना द्रवात क्षणिक सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात व त्यांच्या आघाताने कार्बनाचा पृष्ठभाग खरवडला जातो, ही गोष्ट त्यामुळे पुढे आली आणि अशा बुडबुड्यांची चाचणी यांत्रिक झडपांना लागू झाली. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी शिवणकड्यावर चांदीचा लेप दिलेली झडप १९९७ मध्ये आली. परंतु कड्याभोवती ऊतक नीट न जुळून गळती होते, असे दिसल्याने २००० मध्ये ती परत घेण्यात आली. जखम भरून येण्याची क्रिया कोणत्याही स्पंदन-यंत्रात घडत नाही. म्हणून यांत्रिक चाचणीनंतर प्राण्यांतील व मग माणसांतील चाचणी आवश्यकच ठरते. वाढत्या वयाच्या मेंढ्यांत प्राणिज झडपेवर कॅल्शियम लवकर साचत असल्याने या कामी मेंढी विशेष उपयुक्त ठरली आहे.

भारतातील कार्य : संधिज्वरामुळे झडपा बिघडलेल्या तरुण रुग्णांची मोठी संख्या व आयात झडपांची न परवडणारी किंमत यांमुळे भारतात स्वदेशी झडपेची निकड होती. तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा तिरुनाल वैद्यकीय विज्ञान व तंत्रविद्या संस्थेत म. शं. वलियत्तान (१९३४–२०२४) यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य सुरू झाले. अभियांत्रिकीची धुरा जी. एस्. भुवनेश्वर यांनी सांभाळली. झडपेबरोबरच तिची चाचणी घेण्याची सामग्रीही येथे उभारावी लागली. दांडा तुटणे, अतिरिक्त झीज व नीलमण्याच्या स्फटिकाचे बिंब फुटणे या कारणांनी आधीचे तीन नमुने बाद झाले. कोबाल्टयुक्त मिश्रधातूचा पिंजरा व अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाचे बिंब असलेला चौथा नमुना चाचण्यांत टिकला व ६ डिसेंबर १९९० रोजी तो प्रथम रुग्णात बसविण्यात आला. बाद झालेले तीन नमुने रुग्णांपर्यंत पोहोचले नाहीत, हे या चाचणीव्यवस्थेचे खरे यश होय.

नळीवाटे बसवावयाची झडप : महारोहिणी झडपेचा संकोच हा मुख्यतः वृद्धापकाळातील विकार असून त्यात दलांवर कॅल्शियम साचून ती दगडासारखी कडक होतात. निरोगी झडपेचे ३ ते ४ चौ. सेंमी. छिद्र १ चौ. सेंमी. पेक्षाही लहान होते. अनेक वृद्ध रुग्ण छाती उघडण्याची शस्त्रक्रिया सोसू शकत नाहीत. डेन्मार्कमधील हेनिंग रूड आनर्सन यांनी तारेच्या, मिटणाऱ्या जाळीत डुकराची झडप शिवून ती १ मे १९८९ रोजी एका डुकरात नळीवाटे बसविली. हे कार्य १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. फिलिप बॉनहॉफर यांनी २००० मध्ये पॅरिस येथे बैलाच्या मानेतील नीलेची झडप एका मुलाच्या फुप्फुसरोहिणीच्या जागी याच रीतीने बसविली. फ्रान्समधील रूआं येथे आलँ क्रिबिए (१९४५–२०२४) यांनी १६ एप्रिल २००२ रोजी, शस्त्रक्रियेस अपात्र ठरलेल्या ५७ वर्षांच्या अत्यवस्थ रुग्णाच्या महारोहिणीमुखी पहिली झडप बसविली. रुग्णाची प्रकृती लगेच सुधारली, मात्र सु. चार महिन्यांनी अन्य गुंतागुंतीमुळे तो मरण पावला.

क्रिबिए यांच्या आधीच्या तयारीतील एक टप्पा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डुकराची वा मेंढीची झडप मऊ व निरोगी असते. तिच्यात जाळी बसली म्हणून ती माणसाच्या कडक झालेल्या झडपेत बसेलच असे नव्हे. म्हणून त्यांनी १९९० च्या दशकात, संकोचाने मरण पावलेल्या बारा रुग्णांच्या हृदयांत धातूची जाळी फुगवून पाहिली. कॅल्शियमयुक्त दले बाजूला सारली जातात, जाळी घट्ट अडकून राहते आणि योग्य उंचीची जाळी हृद्‌रोहिण्यांची मुखे बंद करीत नाही, असे त्यांना आढळले. ज्या रोगाला प्राण्यांत जोड नाही, त्याची प्रतिकृती खुद्द रोगग्रस्त मानवी हृदयाने पुरविली.

छाती उघडून बसविलेली झडप टाक्यांनी शिवली जाते, तिचा आकार कारखान्यात होता तसाच राहतो व रोगट दले आधी कापून काढलेली असतात. नळीवाटे नेलेल्या झडपेच्या बाबतीत यांपैकी काहीच घडत नाही. गायीच्या वा डुकराच्या हृदयावरणाची पातळ दले कोबाल्ट-क्रोमियम किंवा निकेल-टिटॅनियम मिश्रधातूच्या जाळीत शिवलेली असतात. २३ मिमी. व्यासाची ही झडप प्रारंभी सु. ८ मिमी. व्यासाच्या नळीत मावेल इतकी चेपावी लागे. आता काही झडपांना ५ मिमी. हून अरुंद वाट पुरते. ती टाके न घालता केवळ दाबाने जागी राहते आणि तिचा अंतिम आकार रुग्णाच्या महारोहिणीमुखाच्या लंबवर्तुळाकारावर व कॅल्शियमाच्या खड्यांवर अवलंबून असतो. त्यामुळे झडपेची अंतिम घडण रुग्णाच्या शरीरातच होते.

म्हणून तिच्या चाचणीत नवे टप्पे आले. झडप प्रथम चेपून पुन्हा उघडतात व दलांच्या तंतूंना इजा झाली का ते सूक्ष्मदर्शकाने पाहतात. मांडीतील रोहिणी व महारोहिणीची कमान यांच्या वळणदार प्रतिकृतीतून ती नेतात. नंतर सिलिकोनाच्या लवचिक मुळात ती नेमक्या उंचीवर तसेच मुद्दाम थोडी वर, खाली वा तिरपी बसवून दाब, छिद्रक्षेत्र व गळती मोजतात. किती बल लावल्यास ती जागेवरून सरकते, हेही पाहतात. टिकाऊपणाच्या यंत्रात ती वर्तुळाकार स्थितीबरोबरच लंबवर्तुळाकार व अपुऱ्या उघडलेल्या स्थितीतही चालवितात. कारण दले जेथे एकमेकांना मिळतात तेथील प्रतिबल आकार बिघडताच वाढते. जाळीच्या तारांचा शिणवटा स्वतंत्रपणे तपासला जातो.

बाजूची गळती : झडपेची जाळी व महारोहिणीची भिंत यांमध्ये, विशेषतः कॅल्शियमाच्या खड्यालगत, फट राहून रक्त मागे येते. शस्त्रक्रियेस अपात्र असलेल्या ३५८ रुग्णांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत एका वर्षात नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ५०·७% व नळीवाटे झडप बसविलेल्यांपैकी ३०·७% रुग्ण मरण पावले. या पद्धतीची उपयुक्तता यामुळे सिद्ध झाली. परंतु शस्त्रक्रियेशी तुलना करणाऱ्या गटाच्या दोन वर्षांच्या निष्कर्षांत, बाजूची गळती सौम्य असली तरी तिचा संबंध वाढत्या मृत्युप्रमाणाशी असल्याचे दिसले. गुळगुळीत, गोल सिलिकोन नळीत अशी गळती क्वचितच दिसते. त्यामुळे रुग्णांच्या संगणकीय क्ष-किरण छेदचित्रांवरून त्रिमितीय मुद्रणाने महारोहिणीमूळ घडवून, मऊ भिंतीत कडक पदार्थाचे खडे बसविलेल्या प्रतिकृती वापरात आल्या. झडपेच्या तळाशी कापडाचा बाह्य पट्टा जोडून गळती कमी करण्याची सुधारणाही नंतरच्या झडपांत झाली.

दलांवरील गुठळी : २०१५ मध्ये काही रुग्णांच्या छेदचित्रांत नळीवाटे बसविलेल्या झडपेची दले गुठळीमुळे कमी हलत असल्याचे आढळले; रुग्णांना मात्र तक्रार नव्हती. प्रयोगशाळांनी प्रवाहाकडे पुन्हा लक्ष वळविले. जुनी दले कापलेली नसल्याने ती जाळीबाहेर पडद्यासारखी उभी राहतात व व्हालसाल्व्हा फुगवट्याचे दोन भाग पाडतात : जुन्या दलाबाहेरील मूळ फुगवटा आणि जुने दल व नवे दल यांमधील अरुंद खाच. या खाचेत रक्त धुतले न जाता रेंगाळते, असे पारदर्शक प्रतिकृतींत दिसून आले. झडप थोडी वर बसविल्यास खाच उथळ होऊन रक्त रेंगाळण्याचे प्रमाण कमी होते; पण स्थान बदलल्याने अन्य धोके वाढू शकतात. लिओनार्दो यांनी ज्या भोवऱ्यांसाठी काचेची नळी योजिली, तेच भोवरे नव्या झडपेच्या हानिलाभाचे गमक ठरले.

स्पंदनशील हृदये व संगणक : अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात पॉल आयात्सो यांच्या प्रयोगशाळेत शरीराबाहेर काढलेले डुकराचे, तसेच रोपणास अयोग्य ठरलेले दात्याचे मानवी हृदय स्वच्छ पोषक द्रावावर पुन्हा चालते करून त्यात सूक्ष्म कॅमेरे सोडतात. अपारदर्शक रक्त नसल्याने झडप बसण्याची क्रिया आतून प्रत्यक्ष पाहता येते. हे हृदय काही तासच चालते, त्यामुळे टिकाऊपणाविषयी त्यातून काही कळत नाही. गणिती प्रतिमानांचा आरंभ चार्ल्‌स पेस्किन यांनी १९७२ मध्ये झडपेभोवतालच्या प्रवाहासाठी मांडलेल्या पद्धतीने झाला. आता रुग्णाच्या छेदचित्रांवरून झडप कशी उघडेल व कोठे गळेल याचे आगाऊ गणन करता येते. परंतु त्याची विश्वसनीयता अखेर प्रयोगशाळेतील मापनाशी ताडूनच ठरते. या पडताळणीसाठी अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने २०१८ मध्ये स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. द्विदली झडपेच्या बाबतीत हे काम अधिक अवघड आहे. तिचे मुख खोगिरासारखे व सतत आकार बदलणारे असून तेथे बसविलेली झडप डाव्या निलयाची बाहेर जाणारी वाट अडवू शकते. कोपनहेगन येथे २०१२ मध्ये नळीवाटे पहिली द्विदली झडप बसविण्यात आली.

मर्यादा व पुढील प्रश्न : नळीवाटे झडप बसविण्याची पद्धत प्रारंभी अतिवृद्ध व असाध्य रुग्णांपुरती होती. २०१९ मध्ये अल्प धोक्याच्या रुग्णांनाही ती लागू करण्यास अमेरिकेत मान्यता मिळाली. ऐंशी वर्षांच्या रुग्णाला पाच वर्षांच्या ठोक्यांची चाचणी पुरेशी वाटली, तरी साठीतील रुग्णाला ती पुरेशी नाही. शिवाय ही चाचणी स्वच्छ द्रावात होते. तीत दलांवर कॅल्शियम साचत नाही, ऊतक वाढत नाही, गुठळी धरत नाही. प्राणिज झडप निकामी होण्याची मुख्य कारणे नेमकी हीच आहेत.

भारतीय परिस्थितीत आणखी एक प्रश्न उद्‌भवतो. गुजरातेतील वापी येथे तयार झालेल्या, फुग्याने उघडणाऱ्या झडपेला २०१८ मध्ये भारतात व २०१९ मध्ये यूरोपात मान्यता मिळाली, तेव्हा या क्षेत्रात देशाचा प्रवेश झाला. मात्र प्रचलित मानके व बहुतेक प्रतिकृती वृद्धांच्या कॅल्शियमयुक्त संकोचाला समोर ठेवून रचलेल्या आहेत. संधिज्वराने बिघडलेली तरुणाची झडप जाड व चिकटलेली असते, पण बहुधा तिच्यात कॅल्शियमाचा असा आधार नसतो. अनेकदा ती अरुंद असण्यापेक्षा गळणारी असते व द्विदली झडपही बिघडलेली असते. नुसत्या दाबाने टिकणाऱ्या जाळीला तेथे पकड मिळत नाही. अशा रुग्णाला पुढे चाळीस-पन्नास वर्षे म्हणजे सु. दीडशे ते दोनशे कोटी ठोके काढावयाचे असतात. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथे पीटर झिला यांनी बहुवारिकांच्या दलांची झडप या रोगासाठी विकसित करण्याचे प्रयत्न केले आहेत. ज्या रुग्णांना झडपेची सर्वांत अधिक काळ गरज आहे, त्यांच्या रोगाची प्रतिकृती अद्याप सर्वमान्य झालेली नाही. ती तयार होईपर्यंत वृद्धांसाठी पारखलेली झडप तरुणांत बसविणे म्हणजे चाचणीचा उरलेला भाग रुग्णाच्याच शरीरात पुरा करणे होय. तो टाळण्यासाठीच या प्रतिकृतींचे शास्त्र निर्माण झाले.